पिस्तुलातली रिकॉइल स्प्रिंग: ती काय करते, कधी थकते आणि डहाणू-तलासरीच्या दमट हवेत तिच्याकडे लक्ष का द्यावं लागतं?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी ओलांडलं की गुजरातची हद्द जवळ येते. निवडणूक आली, मोठा सण आला किंवा फरार आरोपीची खबर मिळाली की या पट्ट्यात नाकाबंदी लागते. बॅटरी दाखवून गाड्या थांबवणाऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असतं. ते शेवटचं कधी झाडलं गेलं असेल? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, सरावाच्या वेळी. त्यानंतरचे कित्येक महिने ते नुसतं कमरेला असतं. घाम, पाऊस, महामार्गाची धूळ आणि किनाऱ्याकडून येणारी दमट हवा मात्र ते रोज सोसत असतं.

अशा पिस्तुलात एक तारेची गुंडाळी असते. बोटभर लांब, वजनाला काही ग्रॅम. बाहेरून ती दिसतही नाही. पण ती थकली असेल तर पहिली गोळी सुटेल आणि दुसरी सुटेलच याची खात्री राहत नाही. ही गुंडाळी म्हणजे रिकॉइल स्प्रिंग.

थोडक्यात

- रिकॉइल स्प्रिंग मागे गेलेली स्लाइड पुन्हा पुढे आणते आणि पुढचं काडतूस चेंबरमध्ये बसवते.
- ती झिजते मुख्यतः फैरींनी. किनारी भागात मात्र न झाडलेल्या पिस्तुलातही ती गंजाने निकामी होऊ शकते.
- पूर्ण आकाराच्या पिस्तुलात साधारण ३,००० ते ५,००० फैरींनंतर ती बदलण्याची पद्धत आहे. अचूक आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो.
- साफसफाई आणि तेल लावणं हे मालकाचं काम. दुरुस्ती आणि सुटे भाग बदलणं हे परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याचं किंवा पोलीस दलातल्या आरमोररचं काम.
- स्प्रिंग ताणून लांब करणं किंवा कापून आखूड करणं, दोन्ही धोक्याचं.

एक गोळी सुटते तेव्हा आत काय होतं?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढच्या गोळीची तयारी पिस्तूल स्वतः करतं. ही तयारी सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात होते.

९ मिमी पिस्तुलाची गोळी सुमारे आठ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने बाहेर पडते. जेवढा रेटा गोळीला पुढे मिळतो, तेवढाच मागेही बसतो. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो, तोच इथे लागू होतो. मागचा रेटा स्लाइडला म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला मिळतो. गोळीपेक्षा स्लाइड कितीतरी जड असते, म्हणून तिचा वेग कमी असतो. तरीही ती सेकंदाला साधारण ५ ते ७ मीटर वेगाने मागे येते.

मागे येताना ती रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून बाहेर फेकते आणि हॅमर असलेल्या पिस्तुलात हॅमरही मागे दाबते. याच वेळी रिकॉइल स्प्रिंग दाबली जाते. स्लाइड पूर्ण मागे पोचली की स्प्रिंग उलगडते आणि स्लाइडला पुढे ढकलते. पुढे जाताना स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलते, चेंबरमध्ये सरकवते आणि नळीच्या मागे घट्ट बसते. आता पिस्तूल पुढच्या गोळीसाठी तयार असतं.

ही स्प्रिंग गोळीचा सगळा धक्का पिऊन टाकते, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. स्लाइडच्या जोरातला एक भागच ती शोषते. उरलेला घर्षणात आणि हॅमर दाबण्यात जातो, आणि शेवटी थोडा पिस्तुलाच्या सांगाड्यावर आदळतो. स्प्रिंगचं मोठं काम आहे ते स्लाइड परत नेण्याचं. पण ती ढिली पडली की सांगाड्यावरचा मार वाढतो, आणि हे नुकसान स्प्रिंगसारखं सहज बदलता येत नाही.

प्रत्येक बंदुकीत ही स्प्रिंग असते का?

नाही. डहाणू-तलासरीच्या गावांमध्ये पीक संरक्षणासाठी किंवा वारशाने आलेली जी परवान्याची हत्यारं दिसतात, त्यांत एकनळी किंवा दुनळी बारा बोअर बंदूक असते. तिच्यात काडतूस हाताने भरतात आणि रिकामी पुंगळी हाताने काढतात. ठासणीच्या बंदुकीतही या स्प्रिंगचा प्रश्न येत नाही.

रिव्हॉल्वरमध्येही रिकॉइल स्प्रिंग नसते. तिथे फिरतं चक्र चाप किंवा हॅमर ओढल्यावर बोटाच्या जोरावर वळतं. त्यामुळे रिव्हॉल्वर वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तरी तिची ही एक काळजी वाचते.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत मात्र ही स्प्रिंग असतेच, फक्त रचना बदलते. भारतातल्या पोलीस आणि सुरक्षा दलांत दीर्घकाळ वापरलेलं '९ मिमी १ए' पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत बनतं. त्याचं मूळ आहे ब्राउनिंग हाय-पॉवर. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी त्याचं काम सुरू केलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीतले दियुदोने सेव्ह यांनी ते पूर्ण केलं. १९३५ मध्ये ते आलं. त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसं बसतात. या पिस्तुलात नळी आणि स्लाइड थोडं अंतर एकत्र मागे जातात, मग नळी खाली झुकून थांबते आणि स्लाइड पुढचा प्रवास एकटी करते. स्प्रिंग नळीच्या खाली एका दांड्यावर बसलेली असते.

नागरिकांना भारतात ९ मिमी पिस्तुलाचा परवाना सहसा मिळत नाही, कारण तो प्रतिबंधित बोअर आहे. परवानाधारकांकडे दिसतं ते बहुधा .३२ बोअरचं पिस्तूल. अशा कमी ताकदीच्या पिस्तुलांत नळी बहुतेक वेळा जागची हलत नाही. चेंबर बंद धरण्याचं काम स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग हे दोघेच मिळून करतात. म्हणून इथे चुकीची किंवा ढिली स्प्रिंग जास्त महागात पडते.

ग्लॉकसारख्या आधुनिक पिस्तुलांत स्प्रिंग आणि दांडा एकत्र जोडलेले असतात. काही मॉडेलमध्ये एकात एक अशा दोन स्प्रिंग असतात. तिथे नुसती तार बदलत नाहीत, अख्खा जोड बदलतात.

स्प्रिंग 'थकते' म्हणजे नेमकं काय होतं?

स्प्रिंग दाबली की तार प्रत्यक्षात पिळली जाते. पोलादाची ही पीळ सोसण्याची एक मर्यादा असते. मर्यादेच्या आत राहून पीळ दिला तर तार मूळ जागी येते. पण हजारो वेळा दाबल्यावर तारेत दोन गोष्टी घडू लागतात.

पहिली म्हणजे ती कायमची थोडी आखूड होते. जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी ठेवली की जुनीची उंची कमी दिसते. उंची कमी झाली की पिस्तुलात बसवल्यावर तिचा ताणही कमी होतो. नवी स्प्रिंग पहिल्या काही फैरींत थोडी बसते, ते सामान्य आहे. त्यानंतरची घट म्हणजे झीज.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. तारेच्या पृष्ठभागावर बारीक तडे जाऊ लागतात. तडा वाढत गेला की एक दिवस तार तुटते. हे तडे सुरू होण्यासाठी आवडती जागा म्हणजे गंजाचा खड्डा. टाचणीच्या टोकाएवढा खड्डाही पुरतो. दर दाबाला ताण तिथेच गोळा होतो.

मोजायचं काय, फैरी की वर्षं?

जगभर या स्प्रिंगचं आयुष्य फैरींत मोजतात. पूर्ण आकाराच्या पिस्तुलांसाठी ३,००० ते ५,००० फैरी हा रूढ पल्ला आहे. लहान नळीच्या पिस्तुलात स्प्रिंगला कमी जागेत तेवढंच काम करावं लागतं, म्हणून ती लवकर बदलतात.

पण हा हिशेब सराव मैदानावर रोज उभं राहणाऱ्यांचा आहे. परवानाधारक नागरिकाला किती काडतुसं घेता येतील, याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते. त्यात सराव कमी. अनेकांचं पिस्तूल दहा वर्षांत शंभर फैरीही झाडत नाही. ३,००० चा आकडा त्याच्या आयुष्यात येणारच नाही. मग 'आमचं पिस्तूल तर नवंच आहे' असं समजून ते कपाटात राहतं.

इथेच गफलत होते. न वापरलेली स्प्रिंग दाबांनी थकत नाही हे खरं. ती पिस्तुलात बसलेली असताना थोडी दाबलेलीच असते, आणि चांगल्या पोलादाला तेवढ्याने फरक पडत नाही. पण ती गंजते. तिच्यावरचं जुनं तेल घट्ट होऊन चिकट थर बनतो. त्यात धूळ आणि कपड्यांचे धागे अडकतात. अशा पिस्तुलाबाबत फैरी नाही, पावसाळे मोजावे लागतात.

डहाणू आणि तलासरीत वेगळं काय आहे?

डहाणू तालुक्याचा पश्चिमेचा पट्टा थेट अरबी समुद्राला लागून आहे. चिंचणी, डहाणू, घोलवड, बोर्डी या गावांत घराच्या खिडकीच्या गजांवर, सायकलच्या चेनवर आणि पंख्याच्या स्क्रूवर मिठाच्या हवेचा परिणाम उघड दिसतो. हवेतले मिठाचे सूक्ष्म कण धातूवर बसतात, ओलावा धरून ठेवतात आणि गंजाला वेग देतात. बिजागऱ्यांना जे होतं, तेच स्प्रिंगलाही होतं. फरक एवढाच की बिजागरी करकरते, स्प्रिंग बोलत नाही.

तलासरी समुद्रापासून आत आहे, त्यामुळे मिठाचा मारा कमी. पावसाची मात्र तिथेही कमतरता नाही. पालघर जिल्ह्यात पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा बंद कपाटातही शिरतो.

तिसरा शत्रू घाम. कमरेला लावलेल्या पिस्तुलाला अंगाचा घाम लागतो आणि घामातही मीठच असतं. डहाणू, घोलवड, वाणगाव, कासा आणि तलासरी या पोलीस ठाण्यांच्या हद्दीत बंदोबस्ताला असणाऱ्यांना हे तिन्ही त्रास एकाच दिवशी भेटू शकतात.

चामड्याचा होल्स्टर दिसायला चांगला, पण तो ओलावा धरतो. चामडं कमावताना वापरलेली रसायनंही धातूला त्रास देतात. म्हणून पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवून महिनोन्‌महिने कपाटात टाकणं, ही या भागातली सगळ्यांत टाळण्यासारखी सवय आहे.

स्प्रिंग ढिली पडल्याची लक्षणं

- स्लाइड पुढे जाताना शेवटचे काही मिलिमीटर राहतात आणि ती हाताने ढकलावी लागते.
- मॅगझिनमधलं काडतूस नीट उचललं जात नाही किंवा तिरकं अडकतं.
- रिकाम्या पुंगळ्या पूर्वीपेक्षा खूप लांब उडू लागतात. याचा अर्थ स्लाइड जास्त वेगाने मागे येते आहे.
- हाताला बसणारा धक्का अधिक कडक वाटतो.
- सांगाड्यावर, जिथे स्लाइड आदळते तिथे धातू दबल्याच्या ताज्या खुणा दिसतात.

उलट, स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असेल तर स्लाइड पूर्ण मागे पोचतच नाही. पुंगळी बाहेर न पडता मधेच उभी अडकते किंवा शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही. 'जास्त कडक म्हणजे जास्त चांगली' हा हिशेब इथे चालत नाही.

मात्र प्रत्येक अडथळ्याचा दोष या स्प्रिंगचाच असतो असंही नाही. मॅगझिनची स्वतःची स्प्रिंग थकली, मॅगझिनच्या ओठांना बाक आला, चेंबर घाण झालं किंवा काडतूस जुनं असलं तरी अशीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी साफसफाई, मग दुसरं मॅगझिन, मग स्प्रिंग, या क्रमाने शोध घेतात.

तपासणीच्या आधी: पिस्तूल खरोखर रिकामं आहे का?

साफसफाई करताना गोळी सुटून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. त्यामागे बहुतेकदा एकच गैरसमज असतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं वाटतं. पण चेंबरमधलं एक काडतूस तिथेच असतं.

क्रम चुकला तरी घात होतो. आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइडने मॅगझिनमधलं नवीन काडतूस चेंबरमध्ये नेऊन ठेवलेलं असतं. बाहेर पडलेलं काडतूस हातात दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो.

म्हणून क्रम कायम हाच:

१. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर.
२. आधी मॅगझिन काढणं.
३. मग स्लाइड मागे ओढून तिथेच अडकवणं.
४. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहणं आणि बोटानेही चाचपणं.
५. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवणं आणि मगच काम सुरू करणं.

हाय-पॉवरच्या मूळ रचनेत मॅगझिन काढल्यावर चाप काम करत नाही. बाकी अनेक पिस्तुलांत मात्र मॅगझिन नसतानाही चेंबरमधली गोळी सुटते. एका पिस्तुलाची सवय दुसऱ्याला लावू नये.

साधी तपासणी आणि साफसफाई

रिकाम्या पिस्तुलावर एक ढोबळ चाचणी करता येते. नळी सुरक्षित दिशेला पण वरच्या बाजूला धरून स्लाइड मागे ओढायची आणि हाताने रोखत हळूहळू पुढे जाऊ द्यायची. स्प्रिंग ठीक असेल तर स्लाइड शेवटपर्यंत जाऊन बंद होते. मधेच अडखळली तर आधी घाण आणि सुकलेलं तेल तपासावं. साफ केल्यावरही ती अडखळत असेल तर स्प्रिंग दाखवून घ्यावी. ही चाचणी पार पडली म्हणजे स्प्रिंग नवी आहे असा अर्थ मात्र होत नाही. ती फक्त नापास झालेली स्प्रिंग पकडते.

उत्पादकाच्या पुस्तिकेत साफसफाईसाठी पिस्तूल किती आणि कसं उघडायचं ते दिलेलं असतं. त्यापलीकडे जाऊ नये. उघडताना स्प्रिंग ताणलेली असते आणि ती हातातून निसटून थेट डोळ्यावर येऊ शकते. म्हणून चष्मा हवाच. स्प्रिंग कोणत्या दिशेने बसली होती हे काढण्याआधी पाहून ठेवावं, मोबाइलवर फोटो काढला तर आणखी सोपं. काही स्प्रिंगचं एक टोक दांड्यावर घट्ट आणि दुसरं सैल असतं. ती उलटी बसवली तर पिस्तूल जोडलं जातं, पण नीट चालेलच असं नाही.

स्प्रिंग कोरड्या सुती कापडाने पुसावी, वेटोळ्यांच्या मधली घाण जुन्या टूथब्रशने काढावी. मग उजेडात एकेक वेटोळं पाहावं. लालसर डाग, काळे खड्डे, वाकलेलं वेटोळं किंवा तारेवर आडवी रेघ दिसली तर ती स्प्रिंग पुन्हा वापरायची नाही. वरवरचा गंज पुसून निघाला तरी खाली खड्डा राहिला असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

तेल शस्त्रासाठीचं आणि पातळ असावं, तेही एक-दोन थेंब. घरातलं खोबरेल किंवा शिवणयंत्राच्या डब्याच्या तळाशी उरलेलं तेल कामाचं नाही. खोबरेल थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होतं. तेल जास्त झालं तर धूळ धरतं आणि काडतुसांना लागलं तर त्यांच्या आतल्या दारूपर्यंत झिरपू शकतं.

किनारी भागात वापरातलं पिस्तूल पावसाळ्यात दर आठवड्याला आणि ठेवणीतलं पिस्तूल निदान महिन्याला एकदा काढून पाहणं शहाणपणाचं. पावसात भिजलं असेल तर त्याच दिवशी. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. ठेवणीत स्लाइड मागे अडकवून ठेवू नये, पुढे बंद करून ठेवावी.

बदलताना काय पाहतात?

आरमोरर किंवा परवानाधारक कारागीर त्याच मॉडेलची नवी स्प्रिंग घेतो. दिसायला सारखी असलेली स्प्रिंग चालत नाही. तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि उंची यांत किंचित फरक पडला तरी ताण बदलतो. चुकीची स्प्रिंग पूर्ण दाबली गेल्यावर वेटोळी एकमेकांना टेकतात आणि स्लाइडला हवी तेवढी जागा मिळत नाही.

दोन जुगाड सर्रास सांगितले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, ढिली स्प्रिंग हाताने ताणून लांब करणं. ती लांब दिसते, पण तार मर्यादेपलीकडे ओढली गेलेली असते आणि थोड्याच फैरींत पुन्हा बसते. दुसरा, कडक स्प्रिंगची दोन वेटोळी कापणं. त्याने बसवतानाचा ताण कमी होतो, उरलेली वेटोळी मात्र आधीपेक्षा ताठ होतात आणि कापलेलं टोक दांड्याला घासत राहतं.

बदलल्यानंतर रिकाम्या पिस्तुलावर स्लाइड अनेकदा चालवून पाहतात. मग अधिकृत मैदानावर काही फैरी झाडून खात्री करतात. ही शेवटची पायरी गाळलेली स्प्रिंग म्हणजे न तपासलेली स्प्रिंग. पोलीस दलात हे काम आरमोररच्या देखरेखीखाली होतं. अंमलदाराने शंका आल्यास पिस्तूल स्वतः न उघडता शस्त्रागारात दाखवणं हाच रस्ता.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. कलम ५ नुसार बंदुका बनवणं, विकणं, त्यांत बदल करणं आणि त्यांची दुरुस्ती करणं यासाठी वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नाही. लेथवाला, वेल्डर किंवा ओळखीचा मेकॅनिक कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे पिस्तूल देता येत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनाची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि लग्न-वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली.

परदेशी संकेतस्थळांवर स्प्रिंग एका क्लिकवर विकायला दिसतात. त्या मागवणं म्हणजे शस्त्राचा भाग विनापरवाना आयात करणं ठरू शकतं. सुरक्षित मार्ग परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचाच. परवान्याच्या कामांसाठी डहाणू आणि तलासरीचे रहिवासी पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातात. वसई-विरारचा भाग २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात गेला आहे, त्यामुळे तिथली व्यवस्था वेगळी.

आचारसंहितेच्या काळात जमा केलेल्या पिस्तुलाचं काय?

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि पालघरचं मतदान २० मे रोजी झालं. मतमोजणी ४ जूनला. एवढे आठवडे पिस्तूल इतर शस्त्रांबरोबर एका खोलीत राहतं आणि परत मिळतं ते थेट पावसाळ्याच्या तोंडावर.

जमा करण्याआधी पिस्तूल साफ करून, हलकं तेल लावून, होल्स्टरमधून काढून द्यावं. पावतीवर क्रमांक जुळतो का ते पाहावं. परत आणल्यावर लगेच कपाटात न टाकता आधी स्प्रिंग आणि चेंबर तपासावं. कायद्यात परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा ठेवण्याचीही सोय आहे.

नेमबाजीत हीच स्प्रिंग पदक ठरवते

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारात .२२ बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात. रॅपिड फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद वळलेलं राहतं आणि पुन्हा तीन सेकंद दिसतं. अशा पाच गोळ्यांची मालिका असते. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात तर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या असतात.

इतक्या वेळात स्लाइड एकदा अडकली तरी लय मोडते. .२२ च्या काडतुसात ताकद कमी असते, म्हणून स्प्रिंग आणि काडतूस यांचा मेळ बारकाईने बसवावा लागतो. त्या गोळीवरचं मेण आणि जळकी काजळी वेटोळ्यांत साचते. खेळाडू म्हणूनच किती फैरी झाल्या याची वही ठेवतात आणि स्प्रिंग बिघडण्याची वाट न पाहता आकडा भरला की बदलतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलेल्या स्वप्नील कुसाळे यांच्या ५० मीटर रायफल प्रकारात मात्र प्रत्येक काडतूस हाताने भरतात, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नसतो.

एक वही पुरेशी आहे

खेळाडूंची ती वही नाकाबंदीवरच्या अधिकाऱ्यालाही लागू पडते आणि बोर्डीतल्या परवानाधारकालाही. तीत चार रकाने असावेत: पिस्तूल कधी साफ केलं, किती फैरी झाडल्या, स्प्रिंगवर काय दिसलं आणि ती शेवटची कधी बदलली. फैरींचा रकाना वर्षभर कोरा राहिला तरी चालेल. शेवटचा रकाना दहा पावसाळे कोरा असेल, तर ते पिस्तूल पुढच्या पावसाआधी परवानाधारक कारागिराला दाखवायची वेळ झालेली आहे.